नागूबायचा गळा

नागूबाय सुई टोचून घेण्याआधी गाण्याची एक ओळ म्हणायची आणि टोचून झाल्यावर तीच ओळ पुन्हा म्हणायची. बाहेर बाकावर बसलेले पेशंट माना उंचावून आत बघायचे. एखादं रडणारं पोर गप्प व्हायचं. "खारीचे बांदाव कोन ग आयला? चांद ग आयला, सूर्या ग आयला." खारजमिनीच्या बांधावर कोण आलं, एवढंच. मग लुगडं सारखं करत ती म्हणायची, "झाला. आता पुरचा सांग." पुढच्या सुईला कधी यायचं ते सांग, असा त्याचा अर्थ. तिची सुई एक दिवसाआड ठरलेली होती, ते तिला माहीत होतं. तरी विचारायची. दुसऱ्याच्या तोंडून पुढचं ऐकल्याशिवाय आधीचं संपलं असं तिला वाटतच नसे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीत इमारती उभ्या राहत होत्या, पण दोन इमारतींच्या मधून अजून खाडी दिसायची. आमचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. डॉक्टर सकाळी यायचे, मी दिवसभर असायचे. मी मूळची चिपळूणकडची. प्रत्येक कामाची यादी करून ती भिंतीला चिकटवायची मला तेव्हाही सवय होती. सिरिंज उकळणे, कापूस, पट्ट्या, लसी, कुणाला कुठल्या कुशीवर सुई. नागूबाय ती यादी बघून म्हणायची, "शिस्टर, तू देवाकरं जाशीन ना, तवा त्याना पन कागद चिकटवून देशीन."

पहिल्यांदा ती आली तेव्हा मुलाच्या खांद्याला धरून आली होती. मुलगा काशिनाथ तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला होता. ही साठीच्या आतबाहेरची, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, पाठ डोलकाठीसारखी सरळ. मला वाटलं, काय ऐटीत चालते ही बाई. जवळ आल्यावर कळलं, जरा वाकली की कळ मस्तकात जात होती, म्हणून ती तशी चालत होती.

मी म्हटलं, "तुम्ही आधी बसा."

तिने मागे वळून पाहिलं. "कोन तुमी? मी एकलीच हाय हितं."

"तू बस," मी म्हटलं.

"बसता आला असता तर तुज्याकरं कनाला आलू असतू?"

ती कोपरखैरण्याच्या जुन्या गावातली. आजूबाजूच्या सगळ्या आगरी गावांत तिला ओळखत, कारण ती धवलारीण होती. धवला म्हणजे त्यांचं लग्नाचं गाणं. धवलारीण नुसती गाणारी नसते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंतचे विधी तिच्या तोंडून चालतात. ती देवांना बोलावते, नवरीला पाटावर बसवते, कुणी कधी काय करायचं ते गाण्यातून सांगते. एका हळदीला मुलाकडचे दारू पिऊन भांडायला लागले, तेव्हा नागूबायने गाणं ओळीच्या मध्यावर सोडलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. धवला अर्धा राहिला की हळद लागत नाही आणि हळद लागली नाही तर लग्न नाही. नवऱ्याच्या बापाने येऊन हात जोडले तेव्हा तिने डोळे उघडले, म्हणाली, "झाला? आता पुरचा सांगू?" आणि जिथे सोडलं होतं तिथूनच शब्द उचलला. हे मला तिच्या सुनेने, कुंदाने, सांगितलं. नागूबाय स्वतः एवढंच म्हणाली, "त्या दारुड्याना मी काय केला? मी गप बसलू."

तिच्या छातीत गाठ झाली होती आणि खाडीपलीकडच्या मुंबईच्या मोठ्या इस्पितळात काही वर्षांपूर्वी ती बाजू काढून टाकली होती. सगळे विसरलेही होते. मग पाठ धरली. भाताची लावणी केली म्हणून असेल, पाटी उचलली म्हणून असेल, असं म्हणत तिने तेल चोळून घेतलं. फोटो काढला तेव्हा कळलं की ती गाठ आता मणक्यांत उतरली होती. मणके आतून पोखरले गेले होते.

काशिनाथ आमच्या डॉक्टरांपुढे हट्टाला पेटला होता. "सायेब, पहिली कापून काढली ना? मग ही पन कापा. आमी रक्त द्यायला तयार हाव. सुया मारून काय व्हनार? गरीब हाव म्हनून टाळताव काय?"

डॉक्टरांनी त्याला फोटो उजेडात धरून दाखवला. "काशिनाथ, ही एका जागी असती तर विचार केला असता. इथे आहे, इथे आहे आणि ही वरतीही आहे. पाठीचा कणा किती कापणार? हे औषध रक्तातून सगळीकडे जातं. मोठ्या इस्पितळाने ठरवलंय ते बरोबर आहे."

त्याला ते पटलं नाही. तेव्हा लोकांच्या मनात कापलं म्हणजे उपचार झाला आणि सुई दिली म्हणजे बोळवण झाली, असं होतं. आजही पुष्कळांना तसंच वाटतं.

औषध होतं ते पुरुषांच्या शरीरात असतं त्या द्रव्याचं, तेलातलं. छातीची गाठ हाडांत गेलेल्या काही बायकांना ते लागू पडायचं. गाठ झोपी जायची, दुखणं थांबायचं. बरं व्हायचं नाही. त्याची किंमत काय ते डॉक्टरांनी मला सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही बाई आहात, तुम्हीच सांगा तिला." मी काशिनाथला बाहेर पाठवलं आणि एकामागून एक सांगितलं. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतील. हनुवटीवर केस येतील. आवाज उतरेल, बाप्यासारखा होईल. एकदा उतरला की परत येणार नाही.

केसांचं ऐकून ती हसली होती. आवाजाचं ऐकल्यावर हसू गेलं. धवला बाईच्या गळ्यातूनच यावा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"कवा?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. दोन-तीन महिन्यांत बहुतेक."

"आनी नाय घेतल्या तर?"

"मणका खचेल. पाय जातील."

ती बराच वेळ भिंतीवरची यादी बघत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग खाटेवर आडवी होऊन कुशीवर वळली आणि म्हणाली, "मार. पन पयली मी गाऊन बघताव. दर टायमाला बघन." ओळ म्हणायची ती सवय अशी सुरू झाली. सुईने गळ्याचं किती नेलं, ते ती दर खेपेला तपासून घेत होती.

औषध तिला लागू पडलं. सगळ्यांना पडत नाही, तिला पडलं. थोड्याच आठवड्यांत ती बाकावर बसायला लागली, मग एकटी बसने यायला लागली. येताना सोडे नाहीतर सुके बोंबील आणायची आणि माझ्या टेबलावर कापसाच्या डब्याशेजारी ठेवायची. मी ओरडायचे, "नागूबाय, इथे नको, वास येतो." ती म्हणायची, "तुज्या औषधाना वास येतो तो चालतो." रांगेतल्या बायकांना ती हुकूम सोडायची, कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे ते चेहऱ्यावरून ओळखायची आणि बाकावर पाय पसरणाऱ्या बाप्यांना उठवायची. काशिनाथला तिने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, कापायला निंगाला व्हतास मना? आता बोल!" तो बिचारा लाजून हसला.

पण मार्गशीर्षात एकदा ओळ म्हणताना "सूर्या"वर तिचा आवाज सटकला. पायरी चुकल्यासारखा एकदम खाली गेला. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा गेला. सुई झाली. ओळही नाही आणि "पुरचा सांग"ही नाही. खिडकीजवळ जाऊन हनुवटीवरून बोट फिरवत राहिली.

त्यानंतर ती आलीच नाही.

एक खेप वाट पाहिली, दुसरी पाहिली आणि मी बस पकडून गावात गेले. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. पाठ दुखत नव्हती. आनंदात होती. घराला नवा चुना लागला होता. कुंदा आतून चहा घेऊन आली आणि डोळ्यांनीच मला म्हणाली, तुम्ही बोला, माझं ऐकत नाही.

"काय ग, यायचं नाही का?"

"सुमनचा लगीन धरलाय. माघात." सुमन ही काशिनाथ-कुंदाची मुलगी, तिची पहिली नात. "लगीन झाला का येन. मंग मार किती मारायच्या त्या."

"तोपर्यंत गाठ थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"झोपलीय ना ती? तूच सांगितलास, गाठ झोपते. झोपलेल्या मानसाला कोन उठवताय? एक महिना झोपूं दे."

"सुई बंद केली की तीच उठेल. आणि गेलेला आवाज तरी कुठे परत येणार आहे?"

"गेला तो गेला. ऱ्हायलाय तेवरा पुरवायचा हाय." मग तांदळाचं सूप खाली ठेवून म्हणाली, "शिस्टर, आयक. पाठ माजी हाय. गला माजा नाय. ह्या गावान माज्या गल्याबिगर कोनाची हलद लागली नाय. आनी माज्या नातीची दुसरीच्या तोंडाशी लावू?"

"दुसरी धवलारीण बोलाव. पाय गेले तर नातीच्या पोराला मांडीवर घेशील कशी?"

"बसून घेन," ती म्हणाली.

मी चिडले. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी काशिनाथला बोलावून समजावलं. यावेळी त्याला पटलं, पण आता तिला पटत नव्हतं. आईला उचलून तर आणता येत नाही. तिचं दुखणं पूर्ण थांबलं होतं आणि न दुखणारं हाड बरं झालेलं असतं, असं तिला मनापासून वाटत होतं. शेतात राबलेल्या माणसाचा तोच हिशेब असतो. दुखतं तेव्हा बसायचं, थांबलं की उठायचं.

हळदीला मी गेले. मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या आणि मध्ये सुमन पाटावर, तोंडावर मुंडावळ्या. तिच्या उजव्या हाताला नागूबाय, मागे ओळ धरणाऱ्या दोघी-तिघी आणि त्यांत कुंदा. धवला असाच चालतो. पुढची ओळ टाकते, मागच्या ती उचलतात. नागूबायने आधी देव बोलावले, मग गावाची वेस, मग खाडी, मग खारजमीन, जी तोवर सरकारने घेतली होती तीही. आवाज घोगरा होता, पण बाईचाच होता. वरच्या जागी तो तुटायला लागला की मागच्या बायका ओळ जरा लवकर उचलायच्या. कुणी ठरवलेलं नव्हतं. त्या सगळ्यांनी मिळून तिचा आवाज झाकून नेला. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तासन्‌तास ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, मधूनच एक हात पाठीमागे टेकवायची. मी तेवढा हात बघत राहिले. हळद लागली. ती सुमनच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "झाला. आता पुरचा सांग." सुमन रडायला लागली, बायका हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वरात निघाल्यावर ती आडवी झाली. उठायला गेली तेव्हा तिने कुंदाला विचारलं, "माजं पाय कुठं ठेवलास?"

मोठ्या इस्पितळात तिला पाठीवर किरणांचा उपचार दिला. "लाईट देतान," काशिनाथ सांगायचा. काही आठवड्यांनी तिला घरी आणलं ते झोळीत घालून. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. आता तर कापून काही होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि सुया पुन्हा सुरू करायला सांगितल्या होत्या, निदान वरचे मणके आणि मान राहावी म्हणून. दवाखाना संपला की मी कोपरखैरण्याला जायला लागले. जाताना यादी असायचीच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशी कधी बदलायची, लघवीची नळी, पावडर, पाणी किती. कुंदाला वाचता येत होतं. तिने ती यादी देव्हाऱ्याच्या बाजूला लावली. नागूबाय बघून म्हणाली, "लावलास कागद? आता देव पन तुजाच आयकनार."

पण हे बोलली ती बाप्याच्या आवाजात. सुया पुन्हा सुरू झाल्यावर उरलेला गळाही गेला. पाय राहिले नाहीत आणि आवाजही राहिला नाही. महिनाभराच्या विसाव्याने तिने एक हळद मिळवली होती, आणि बाकी सगळं तिच्यावर उलटलं होतं. हे मी तिला कधी म्हटलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती.

शेजारच्या गावातली एक बाई पुढच्या लग्नसराईतल्या तिच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली. तिला हिच्या पायांचं ठाऊक होतं. म्हणाली, "खाटेवर घालून नेव, चार मानसा पाठवताव." नागूबाय म्हणाली, "बस ना, चा घे." ते दोन शब्द ऐकून त्या बाईने दाराकडे बघितलं, काशिनाथ आला की काय म्हणून. मग हिच्या हनुवटीकडे बघितलं. तिने चहा अर्धा टाकला. जाताना कुंदाला ओट्यावर हळूच म्हणाली, "बाप्याचे तोंडाशी हलद कशी लावायची ग? माजी एकुलती एक पोर हाय."

आत नागूबायने ते ऐकलं. मी तिची कूस बदलत होते. मग तिने हाक मारली, "कुंदे! तिला सांग, तू येशीन म्हनून."

कुंदा दारात आली. "मी? आई, माज्या गल्यान बेडूक हाय, तुमीच बोलताव नेमी."

"हाय. बेडूक तर बेडूक. बस हितं."

शिकवणं असं सुरू झालं. कुंदा खाटेच्या पायथ्याशी, हातात कधी भाजी, कधी मासळी. नागूबाय तिच्या त्या जाड, खालच्या आवाजात ओळ टाकायची, कुंदा ती उचलायची, आणि बरोबर आली की नागूबाय म्हणायची, "पुरचा सांग." चुकली की, "तुज्या आयशीनं भात नाय घातला का लहानपनी?" मी एकदा म्हटलं, मी लिहून घेते सगळं. कुणी अडवलं नाही. पण आज म्हटलेली ओळ उद्या तशी नसायची. नवरी थोरली की धाकटी, बाप आहे की नाही, मांडव कुठल्या अंगाला, त्यावर शब्द बदलायचे. माझ्या यादीत ते बसेना. मी लिहिणं सोडून दिलं आणि जखमा धुवायला लागले. माझं काम ते होतं.

जखमा शेवटी झाल्याच. कितीही कुशी बदलल्या तरी झाल्या. पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. गाठ यकृतात गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता सुया थांबवा, काही उपयोग नाही. मी ते तिला सांगितलं, जसं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच.

"मंग गला येल परत?" तिने विचारलं. चेष्टा होती की आशा, ते मला आजही ठरवता येत नाही.

"नाही नागूबाय."

"ऱ्हाव दे. कुंदीचा व्हत आलाय."

शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नसे. सुमन बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची मुलगी नागूबायच्या छातीवर, कापलेल्या बाजूला, निजवायचे. मांडीवर ठेवून उपयोग नव्हता, तिला कळलंच नसतं. मार्गशीर्ष संपता संपता ती गेली. मी पोचले तेव्हा कुंदा तिच्या हनुवटीवरचे केस काशिनाथच्या वस्तऱ्याने हलक्या हाताने काढत होती. मला म्हणाली, "बाई म्हनून जाव दे." मी बेसिनमधलं पाणी बदलून आणलं.

त्या वर्षीच्या लग्नसराईत कुंदाने पहिली हळद म्हटली. तीच, चहा अर्धा टाकून गेलेल्या बाईच्या मुलीची. दुसरी कुणी एवढं सगळं जाणणारी उरली नव्हती. मीही होते. कुंदाने तोंड उघडलं आणि मागच्या बायका क्षणभर गोंधळल्या, कारण ओळ कुठून उचलायची ते त्यांना कळेना. कुंदाने गाणं खाटेजवळ बसून घेतलं होतं, जसं ऐकलं तसं. त्या उतरलेल्या, छातीतून येणाऱ्या आवाजाची पट्टी तिने तशीच्या तशी धरली होती. धवल्याची चालच तिच्यासाठी ती होती. "खारीचे बांदाव कोन ग आयला?" मागच्या बायका चाचपडत खाली उतरल्या आणि मग सगळ्या मांडवाने ती ओळ खालून उचलली.

आता कोपरखैरण्यात सगळीकडे इमारती आहेत, हळद सोसायटीच्या आवारात होते, डीजे लावतात. पण आधी थोडा वेळ तरी धवला म्हणतात आणि जुन्या गावातल्या बायका तो खालच्याच पट्टीत म्हणतात. परवा एका हळदीला उरणकडची पाहुणी माझ्या शेजारी बसली होती. तिने कुंदाला विचारलं, "तुमच्याकरं इतका खाली कनाला बोलतान? आमी तर वरती बोलताव."

कुंदा आता नागूबायच्या तेव्हाच्या वयाहूनही मोठी झाली आहे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "आमच्या गावाचा असाच हाय," ती म्हणाली, आणि मागे बसलेल्या मुलींकडे वळली. "चला, पुरचा सांगा."